होम थिएटरचे मागचे स्पीकर मुके झालेत? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे वाचा!

दिवाळीची साफसफाई होते. टीव्हीचं कपाट पुढे ओढलं जातं, मागची धूळ झटकली जाते, वायरी काढून पुन्हा लावल्या जातात. रात्री सगळं घर पिक्चर बघायला बसतं आणि कुणाच्या तरी लक्षात येतं, की पुढून आवाज दणदणीत येतोय, पण सोफ्याच्या मागचे दोन स्पीकर एकदम गप्प आहेत.

मग घरातला प्रत्येक जण इंजिनिअर होतो. कुणी वायर हलवून बघतं, कुणी आवाज वाढवतं, कुणी स्पीकरला कान लावतं. शेवटी निकाल लागतो, "स्पीकर उडाले!" आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला फोन जातो किंवा थेट नव्या सेटच्या किमती बघायला सुरुवात होते.

जरा थांबा. मागचे स्पीकर गप्प असणं म्हणजे ते खराब झालेच असं नाही. बऱ्याचदा स्पीकर अगदी ठणठणीत असतो, पण त्याच्यापर्यंत आवाज पोचलेलाच नसतो. तो वाटेत कुठे अडला हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. रिमोट, एक पेन्सिल सेल आणि अर्धा तास पुरतो. फक्त तपासणी योग्य क्रमाने करायला हवी.

मागच्या स्पीकरचं काम नेमकं काय?

५.१ म्हणजे काय, हे आधी समजून घेऊया. यातला ५ म्हणजे पाच स्पीकर: समोर डावा, समोर उजवा, मधला सेंटर आणि बाजूला किंवा मागे डावा-उजवा सराउंड. आणि .१ म्हणजे धडधड आवाज देणारा सबवूफर.

यात महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक स्पीकरसाठी आवाजाचा वेगळा ट्रॅक असतो. थिएटरमध्ये डॉल्बी डिजिटल आलं १९९२ मध्ये, 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटासोबत. पुढच्याच वर्षी 'ज्युरासिक पार्क'सोबत डीटीएस आलं. नंतर डीव्हीडीमुळे हेच तंत्र घराघरात पोचलं.

पिक्चरमधले संवाद बहुतेक सेंटर स्पीकरमधून येतात. मागच्या स्पीकरच्या वाट्याला येतो तो पाऊस, गर्दीचा गलका, डोक्यावरून गेलेलं विमान, देवळातल्या घंटेचा घुमणारा नाद. म्हणजे दोन माणसं खोलीत बसून बोलत असतील, तर मागचे स्पीकर गप्प असणं हेच बरोबर आहे. बातम्या किंवा रोजची मालिका लावून मागच्या स्पीकरची परीक्षा घेतली, तर ते नापासच होणार!

पहिली परीक्षा: टेस्ट टोन

मग खरी परीक्षा कशी घ्यायची? त्याची सोय कंपनीनेच करून ठेवलेली असते. बहुतेक होम थिएटर आणि एव्ही रिसीव्हरमध्ये 'टेस्ट टोन' नावाची सोय असते. काहींच्या रिमोटवर त्याचं वेगळं बटण असतं, तर काहींमध्ये 'सेटअप'मध्ये जाऊन 'स्पीकर' आणि मग 'लेव्हल' हा पर्याय उघडावा लागतो.

हे सुरू केलं, की रेडिओचं स्टेशन लागत नसताना येते तशी खरखर एकेका स्पीकरमधून येऊ लागते. बहुतेक सेटमध्ये ती समोरच्या डाव्या स्पीकरपासून सुरू होते आणि फिरत फिरत मागे जाते.

ही खरखर टीव्हीतून येत नाही, ॲपमधून येत नाही, केबलमधूनही येत नाही. ती ॲम्प्लिफायर स्वतःच तयार करतो. म्हणून या एका परीक्षेत अर्धा प्रश्न सुटतो:

मागच्या स्पीकरमधून खरखर आली, तर स्पीकर, त्याची वायर आणि ॲम्प्लिफायर तिन्ही चांगले आहेत. दोष त्यांच्या आधी आहे, म्हणजे पिक्चर, ॲप, टीव्हीचं सेटिंग किंवा केबलमध्ये.

खरखर आली नाही, तर टीव्हीकडे बघूच नका. दोष ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या टप्प्यात आहे.

खरखर आली पण अगदी हळू, तर तिथेच त्या स्पीकरची लेव्हल बघा. ती डेसिबलमध्ये असते. कुणीतरी चुकून ती उणे दहापर्यंत खाली नेलेली असू शकते.

आणखी एक साधा प्रश्न विचारा: दोन्ही गप्प आहेत की एकच? एकच गप्प असेल तर संशय वायरवर, जोडणीवर किंवा त्या स्पीकरवर जातो. दोन्ही एकाच दिवशी गप्प झाले असतील, तर संशय सेटिंगवर किंवा सिग्नलवर घ्या. दोन वेगळे स्पीकर एकाच वेळी जळणं तसं दुर्मीळच.

खरखर येते, पण पिक्चरमध्ये आवाज नाही?

आता उलट्या दिशेने, म्हणजे जिथून आवाज निघतो तिथून सुरुवात करा.

आधी पिक्चर बघा. त्यात मुळात ५.१ आवाज आहे का? यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ स्टिरिओ असतात, म्हणजे त्यात फक्त डावा आणि उजवा असे दोनच ट्रॅक. जुने चित्रपट कित्येकदा मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचे. मागच्या स्पीकरसाठी त्यात वेगळं काही नसतंच.

ओटीटीवर पिक्चर बघताना ऑडिओचा पर्याय उघडून बघा. एकाच पिक्चरचा मूळ भाषेतला ट्रॅक ५.१ आणि डब केलेला ट्रॅक साधा स्टिरिओ असू शकतो. म्हणजे कालपर्यंत मागून आवाज येत होता आणि आज येत नाही, याचं कारण कधी कधी एवढंच असतं, की आज कुणीतरी भाषा बदलली!

सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' आणि 'डॉल्बी' असे पर्याय आहेत का ते पाहा. तिथे 'स्टिरिओ' निवडलेलं असेल, तर चॅनल डॉल्बीमध्ये असूनही तुमच्यापर्यंत दोनच ट्रॅक येतात.

मग टीव्हीचं सेटिंग बघा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टीव्हीच्या 'साउंड' मेनूमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' किंवा त्यासारखा एक पर्याय असतो. त्यात 'पीसीएम', 'ऑटो', 'बिटस्ट्रीम', 'पासथ्रू' असे शब्द दिसतात. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने किंवा एआरसीवाल्या एचडीएमआयने बाहेर जात असेल आणि इथे 'पीसीएम' निवडलेलं असेल, तर टीव्ही सहा ट्रॅक मिसळून दोनच ट्रॅक पुढे पाठवतो. ॲम्प्लिफायरला वाटतं पिक्चरच स्टिरिओ आहे, आणि मागचे स्पीकर गप्प बसतात.

उपाय सोपा आहे. 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' निवडा. रिसीव्हर जुना असेल आणि टीव्हीत 'डॉल्बी डिजिटल' असा सरळ पर्याय असेल, तर तो घ्या. कारण आजचं ओटीटी बऱ्याचदा 'डॉल्बी डिजिटल प्लस' या पुढच्या प्रकारात आवाज पाठवतं आणि जुन्या रिसीव्हरला तो समजत नाही. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा टीव्ही रिसेट केला, की हे सेटिंग परत मूळ जागी जाऊ शकतं. त्यामुळे "आम्ही तर काहीच बदललं नाही" असं वाटत असलं, तरी एकदा बघाच.

केबलही महत्त्वाची

लाल-पांढऱ्या पिनांच्या साध्या ऑडिओ केबलमधून दोनच ट्रॅक जातात. लाल पिनेतून उजवा, पांढरीतून डावा. तिसऱ्याला जागाच नाही.

ब्लूटूथचंही तेच. गाणी ऐकण्यासाठी ब्लूटूथची जी नेहमीची पद्धत वापरली जाते, ती स्टिरिओच असते. टीव्ही आणि होम थिएटर ब्लूटूथने जोडलेले असतील, तर मागच्या स्पीकरला स्वतःचा असा आवाज मिळणार नाही.

ऑप्टिकल केबल १९८३ मध्ये तोशिबा कंपनीने आणली. तिच्यातून साधा स्टिरिओ किंवा दाबून लहान केलेला डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस ५.१ जातो, पण त्यापुढचे नवे प्रकार जात नाहीत.

एचडीएमआयमध्ये एआरसीची सोय २००९ मध्ये आली. यात टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा ॲम्प्लिफायरकडे जातो. पण टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय खाचेत ही सोय नसते. ज्या खाचेवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं, केबल तिथेच लागायला हवी. साफसफाईत केबल शेजारच्या खाचेत गेली, की गणित बिघडतं. तसं झालं तर अनेकदा पूर्ण आवाजच बंद होतो, मग घरातलं कुणीतरी ब्लूटूथने जोडून देतं आणि मागचे स्पीकर तिथून गप्प होतात.

ॲम्प्लिफायरचा डिस्प्ले वाचा

पिक्चर सुरू असताना ॲम्प्लिफायरच्या पाटीवर काय अक्षरं येतात ते पाहा. 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' दिसत असेल, तर आवाज नीट पोचतोय. 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' दिसत असेल, तर बहुधा दोनच ट्रॅक आले आहेत आणि दोष वरच्या टप्प्यांत आहे.

आवाज नीट पोचूनही मागे शांतता असेल, तर रिमोटवरचा 'मोड' तपासा. 'स्टिरिओ' मोड लागलेला असेल, तर रिसीव्हर सगळा आवाज पुढच्या दोन स्पीकरमध्येच देतो. 'डायरेक्ट' मोडमध्ये स्टिरिओ गाणी पुढूनच वाजतात. गाणी ऐकताना कुणीतरी हा मोड लावतं आणि तो तसाच राहतो.

स्टिरिओ पिक्चर असतानाही मागून आवाज हवा असेल, तर 'डॉल्बी सराउंड', 'प्रो लॉजिक' किंवा 'न्यूरल' असे मोड असतात. ते दोन ट्रॅकमधून मागच्या स्पीकरसाठी आवाज वेगळा काढतात. 'ऑल चॅनल स्टिरिओ' मात्र तोच आवाज सगळीकडे वाजवतो. घरच्या समारंभात गाणी लावायला तो चांगला, पिक्चरसाठी नाही.

जिथे ५.१ फक्त खोक्यावर असतं

आपल्याकडे स्वस्तातले किंवा असेंबल केलेले ५.१ सेट भरपूर विकले जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली, असे सेट आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. आवाजाला ते दमदार असतात. पण यातल्या अनेक सेटमध्ये डॉल्बी किंवा डीटीएस उलगडणारा डीकोडर नसतोच. तिथे ५.१ याचा अर्थ एवढाच, की खोक्यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे.

ओळखायचं कसं? सेटच्या मागे बघा. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलची खाच नाही, फक्त ऑडिओ पिनांची छिद्रं आहेत, तर आत डीकोडर नसण्याचीच शक्यता जास्त. सहा छिद्रं असतील तर ती ५.१ आउटपुट देणाऱ्या डीव्हीडी प्लेअरसाठी किंवा कॉम्प्युटरसाठी असतात. त्यातली पुढची दोनच जोडली, तर मागचे स्पीकर गप्प राहू शकतात. अशा सेटला रिमोटवर इनपुट बदलायचा पर्याय असतो. तो 'औक्स' म्हणजे दोन ट्रॅकवर ठेवला, की बऱ्याच सेटमध्ये तोच आवाज मागेही वाजतो. खराखुरा ५.१ हवा असेल, तर ऑप्टिकल किंवा एचडीएमआयवर चालणारा वेगळा डीकोडर बसवता येतो. त्यासाठी स्पीकर बदलायची गरज नाही.

कॉम्प्युटरला जोडलेला सेट असेल, तर रंग लक्षात ठेवा: हिरवी पिन पुढच्या स्पीकरची, काळी मागच्यांची, नारिंगी सेंटर आणि सबवूफरची. शिवाय विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'कॉन्फिगर' करून ५.१ निवडावं लागतं. ते स्टिरिओवर असेल तर मागे शांतताच.

खरखरही येत नसेल तर?

आता उरतो शेवटचा टप्पा. इथेही लगेच वायरीला हात घालू नका, आधी स्पीकर सेटअप उघडा. तिथे प्रत्येक स्पीकरपुढे 'लार्ज', 'स्मॉल' किंवा 'नन' असं लिहिलेलं असतं. 'नन' म्हणजे हा स्पीकर घरात नाहीच, असं रिसीव्हर समजतो. मग तो तिथे टेस्ट टोनही पाठवत नाही. माइक लावून आपोआप सेटिंग करताना मागच्या स्पीकरची वायर सुटलेली असेल, तर रिसीव्हर स्वतःच 'नन' लिहून मोकळा होतो. वायर नंतर जोडली तरी नोंद तशीच राहते.

दुसरी नेहमीची चूक ७.१ रिसीव्हरवर होते. त्याच्या मागे 'सराउंड' आणि 'सराउंड बॅक' अशा दोन वेगळ्या जोड्या असतात. घरात पाचच स्पीकर असतील, तर मागचे स्पीकर 'सराउंड'ला जोडायचे. 'मागचे' म्हणून ते 'बॅक'ला जोडले, की ते गप्प होतात.

हे सगळं बरोबर असेल, तर आता वायर. ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढा आणि मगच हात लावा. बघायच्या गोष्टी अशा:

टोकाची तार सुटलेली आहे का? तांब्याचा एखादा केस शेजारच्या टोकाला चिकटलाय का? असा केस चिकटला, तर ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडू शकतो.

तांबं हिरवं-काळं पडलंय का? कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट खाऱ्या हवेमुळे हे होतं. टोक सेंटिमीटरभर कापून ताजं तांबं उघडं करा.

वायर सोफ्याच्या पायाखाली चिरडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, भिंतीतून नेली असेल तर नव्या फोटोफ्रेमचा खिळा नेमका तिथेच ठोकलाय का?

लाल-काळी टोकं उलटी लागली, तर स्पीकर बंद पडत नाही. फक्त आवाज पोकळ वाटतो. त्यामुळे गप्प असण्याचं कारण ते नाही.

पेन्सिल सेलची युक्ती

स्पीकर जिवंत आहे का, हे कळायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. वायरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरमधून काढा आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकरमधून 'टक' आवाज आला, तर वायर आणि स्पीकर दोन्ही चांगले. दोष ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये किंवा त्या चॅनलमध्ये आहे.

'टक' आलं नाही, तर सेल थेट स्पीकरच्या टोकांना टेकवा. आता आलं, तर वायर तुटलीय. आताही नाही, तर मात्र स्पीकर गेला, हे मान्य करायला हवं. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. आकडा आलाच नाही, तर आतली कॉइल तुटली आहे. सेल फक्त क्षणभर टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. आणि ही युक्ती फक्त वायरीवर चालणाऱ्या साध्या स्पीकरसाठी आहे.

ॲम्प्लिफायरचीच खात्री करायची असेल, तर तो बंद करून मागच्या स्पीकरची वायर पुढच्या डाव्या स्पीकरच्या जागी लावा, मग हळू आवाजात सुरू करा. वाजला, तर स्पीकर निर्दोष.

मागचे स्पीकर वायरलेस असतील तर

वायरलेस म्हणजे आवाजाची वायर नाही. अशा बहुतेक स्पीकरना विजेचा प्लग लागतोच! साफसफाईत तो काढला जातो आणि सोफ्यामागे विसरला जातो. स्पीकरवरचा छोटा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल, तर बहुधा मुख्य सेटशी जोडी तुटली आहे. दोन्ही बंद करून, मिनिटभराने मुख्य सेट आधी आणि स्पीकर नंतर सुरू करा. तरी जमलं नाही, तर माहितीपुस्तिकेप्रमाणे पुन्हा पेअर करा. वायफायचा राउटर अगदी शेजारी असेल, तर तो थोडा दूर ठेवा.

मेकॅनिक बोलवायचाच असेल तर

वरची तपासणी करूनही स्पीकर गप्प राहिले, तर मेकॅनिकला जरूर बोलवा. ॲम्प्लिफायरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते.

पण आता तुम्ही फोनवर "मागचे स्पीकर बंद आहेत" एवढंच सांगणार नाही. तुम्ही सांगाल, "टेस्ट टोन डाव्यात येतो, उजव्यात येत नाही. सेल लावला तर टक आवाज येतो. उजव्याची वायर पुढच्या जागी लावली की स्पीकर वाजतो." एवढं ऐकल्यावर समोरच्यालाही कळतं, की ॲम्प्लिफायरचा एक चॅनल बघायचा आहे. मग "पूर्ण सेटच बदला" असं सांगणं त्यालाही अवघड जातं.

म्हणून पुढच्या वेळी मागून आवाज आला नाही, तर नव्या सेटच्या किमती बघण्याआधी रिमोट हातात घ्या आणि टेस्ट टोन लावा. खरखर आली, तर तुमचे पैसे वाचले असं समजा!